जिल्दसाजाची बॅटरी

पुरानापुलाजवळच्या जुमेरात बाजारात जे मांडलेले असते त्याला भंगार म्हणावे की माल, हे घेणाऱ्याच्या नजरेवर ठरते. मोडके पंखे, बंद पडलेले रेडिओ, कान तुटलेली भांडी यांच्याबरोबर अशा बाजारांतून अलीकडे निकामी लॅपटॉपच्या बॅटऱ्याही दिसू लागल्या आहेत. या बॅटऱ्या उकलून त्यांतील बोटाएवढे घट बाहेर काढायचे, ज्यांच्यात अजून धुगधुगी आहे तेवढे पारखून घ्यायचे, आणि असे शेकडो घट जोडून घरातले दिवे-पंखे चालतील एवढी मोठी बॅटरी आपल्या हाताने रचायची, असा नाद असलेली मंडळी आज देशोदेशी आहेत. शेजारीपाजारी त्यांना थोडे चक्रम समजतात. परंतु या मंडळींचे कुळ मोठे आहे. त्या कुळाचा मूळपुरुष इटलीतला व्होल्टा असला, तरी कुळाचे नाव ज्याने त्रिभुवनात नेले तो लंडनच्या एका लोहाराचा मुलगा होता. पुस्तकांच्या जिल्दी बांधता बांधता त्याने तांब्याची नाणी, जस्ताचा पत्रा आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद यांची बॅटरी केली. मायकेल फॅरडे हे त्याचे नाव.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. बाप जेम्स हा इंग्लंडच्या उत्तर भागातून पोटासाठी राजधानीकडे आलेला लोहार. त्याची प्रकृती नाजूक, आणि लोहाराचा घण तर नाजूक माणसाच्या हाती शोभत नाही. काम होईल त्या दिवशी पैसा, नाही त्या दिवशी नाही. चार मुलांत मायकेल तिसरा. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे १८०१ साली धान्य भयंकर महागले, तेव्हा या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याने सात दिवस पुरवून खायचा असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शाळा म्हणावी तर लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित. पुढे जगातला अव्वल दर्जाचा शास्त्रज्ञ झाल्यावरही या माणसाला उच्च गणित कधी आले नाही.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड रस्त्यावरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. रिबो हा फ्रान्समधून येऊन स्थायिक झालेला गृहस्थ. त्या काळी वर्तमानपत्र विकत घेणे सर्वांना परवडत नसे, म्हणून रिबो ते भाड्याने वाचावयास देई, आणि एका घरचे वाचून झाले की दुसऱ्या घरी पोचविणे हे मायकेलचे काम होते. पोऱ्याचा स्वभाव पाहून वर्षभराने रिबोने त्याला जिल्दसाजीच्या सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. अशा उमेदवारीसाठी बापाने मालकाला रक्कम मोजण्याची तिथे रीत होती. रिबोने ती घेतली नाही.

आमच्या गाण्याच्या व्यवसायात उमेदवारीची रीत वाचकांना परिचित आहे. उस्तादाच्या घरी राहावे, पाणी भरावे, तंबोरे पुसावेत, आणि कानावर पडेल ते साठवावे. शिकवणी अशी वेगळी वस्तू नसते. घरात जे चालू असते तीच शिकवणी. रिबोच्या दुकानात तेच झाले. जिल्दीसाठी येणारी पुस्तके हा मुलगा शिवता शिवता वाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड असाच हाती आला आणि त्यातला विजेवरचा लेख त्याने पिऊन टाकला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक वाचून त्याला त्या शास्त्राची दिशा लाभली. दुसरा एखादा मालक असता तर कामचुकारपणा म्हणून त्याने कान धरला असता. रिबोने वाचू दिले, आणि काम संपल्यावर दुकानातच छोटे प्रयोग करण्याचीही मोकळीक दिली.

मायकेलचा वाचलेल्यावर एकदम विश्वास बसत नसे. पुस्तकात लिहिले आहे ते हाताने करून पाहिल्याखेरीज त्याचे समाधान होत नसे. हा त्याचा गुण जन्मभर टिकला. पण करून पाहावयाचे म्हणजे साहित्य हवे, आणि खिशात असत ती चार-दोन नाणी. एका जुन्यापान्या चिंध्या-बाटल्यांच्या दुकानात काचेच्या दोन बाटल्या त्याने पाहून ठेवल्या होत्या. बरेच दिवस तो त्या नुसत्याच पाहून परत येई. शेवटी पैसे साठवून त्या आणल्या. थोरलीला आस व दांडा बसवून घर्षणाने वीज उत्पन्न करण्याचे यंत्र केले, आणि धाकटीचे लायडन पात्र, म्हणजे ती वीज साठवून ठेवणारी बाटली, केले. दुसऱ्याने टाकून दिलेली वस्तू आपल्या कामाची कशी होईल हे पाहण्याची नजर त्याला अशी लाभली.

घर्षणाची वीज म्हणजे मात्र क्षणाचा खेळ. एक ठिणगी उडते आणि संपते. संथ नदीसारखा वाहत राहणारा प्रवाह माणसाला प्रथम मिळाला तो १८०० साली. इटलीच्या कोमो गावचा अलेस्सांद्रो व्होल्टा याने त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले की जस्त व चांदी अशा दोन निराळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजवलेला कागद किंवा कापड ठेवून जोड्यांवर जोड्या रचल्या, की त्या थप्पीच्या दोन टोकांतून वीज अखंड वाहते. जस्त हळूहळू झिजते आणि त्या झिजण्यातून वीज निघते. तांबे व जस्त यांच्या एका जोडीचा जोर जेमतेम पाऊण ते एक व्होल्ट भरतो. तेवढ्याने पाण्याचेसुद्धा विघटन होत नाही. त्याला दीड-दोन व्होल्ट तरी लागतात. परंतु जोडीवर जोडी चढविली की जोरांची बेरीज होते, आणि चकत्या मोठ्या घेतल्या म्हणजे प्रवाह अधिक मिळतो. जोर हवा तर संख्या वाढवा, प्रवाह हवा तर आकार वाढवा, हा नियम व्होल्टाच्या थप्पीला लागू होता, आणि लॅपटॉपच्या भंगार घटांतून बॅटरी रचणाऱ्यालाही तोच पाळावा लागतो. तोही काही घट एकामागे एक जोडून जोर वाढवितो आणि काही शेजारी शेजारी जोडून प्रवाह वाढवितो.

पुढे मोठ्या बॅटऱ्यांची जणू शर्यतच लागली. नेपोलियनच्या आश्रयाने पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये भलीमोठी बॅटरी उभी राहिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बॅटरीच्याच बळावर १८०७ साली पोटॅशियम व सोडियम ही दोन नवी मूलद्रव्ये वेगळी केली होती. त्याच्यासाठी श्रीमंतांनी वर्गणी जमवून संस्थेच्या तळघरात दोन हजार जोड्यांची बॅटरी बसवून दिली. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये डोळे दिपविणारा प्रकाशाचा कमानीसारखा झोत पाडून डेव्ही लंडनच्या उमरावांना व त्यांच्या स्त्रियांना चकित करी. त्याच शहरात, त्या सभागृहापासून फार दूर नाही अशा एका दुकानात, जिल्दसाजाचा उमेदवार खळीने माखलेल्या हातांनी त्याच विषयाची पाने शिवीत होता.

डेव्हीच्या सभागृहात शिरण्याइतकी त्याची ऐपत नव्हती. पण टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी शास्त्रावर व्याख्याने देत आणि प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग घेत. तो शिलिंग मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्ट स्वतः लोहारकाम करीत असे. १८१० साली बाप वारला होता आणि घरचा भार याच भावावर होता. अशा घरातून निघालेला तो शिलिंग काय मोलाचा असेल याची वाचकांनी कल्पना करावी. मायकेलने त्या व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून रिबोच्या घरी राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून रेखनाचे धडे घेतले, आणि सर्व टिपणांची स्वतःच जिल्द बांधली.

यानंतर जे घडले त्याचा धागा एका वाजविणाऱ्याच्या हातात होता, हे सांगताना मला विशेष आनंद वाटतो. रिबोच्या दुकानी विल्यम डान्स नावाचे एक वादक येत. पुढल्याच वर्षी, १८१३ साली, लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी ज्यांनी स्थापन केली त्यांपैकी हे एक. या मुलाची धडपड पाहून त्यांनी त्याला १८१२ च्या वसंतात डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. सभागृहाच्या सज्जात, घड्याळाच्या वर बसून मायकेलने ती व्याख्याने ऐकली, आणि घरी येऊन अक्षरन् अक्षर पक्के लिहून काढले.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्याने आपली पहिली बॅटरी रचली. लंडनमधील एका दुकानात तो दुसरेच काही आणावयास गेला असता तिथे जस्ताचा पातळ, सहज वाकणारा पत्रा मिळतो हे त्याला आठवले. तो त्याने घेतला आणि त्यातून अर्ध्या पेनीच्या मापाच्या सात चकत्या कातरल्या. तांबे कुठून आणायचे? अर्धी पेनी हे नाणे त्या काळी तांब्याचेच असे. सात नाणी सात चकत्यांवर ठेवली आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे घातले. कागद लागले सहाच, कारण ते दोन जोड्यांच्या मध्ये येतात. म्हणून जोड्या सात दिसल्या तरी हिशेबाने घट सहाच होतात. एवढ्या थप्पीचा जोर पाच व्होल्टांच्या आसपास, म्हणजे मोबाइल फोनला ज्या जोराने वीज पुरवितात साधारण तेवढा, भरला असेल.

थप्पीच्या दोन टोकांच्या तारा त्याने एप्सम मिठाच्या द्रावणात बुडविल्या. हे मीठ रेचक म्हणून घरोघरी ठेवीत, तेव्हा तेही दुर्मीळ नव्हे. तारांवर बारीक बुडबुडे धरू लागले आणि एका तारेवरून त्यांची धार वर चढू लागली. सुमारे दोन तासांनी निवळ पाणी गढूळ झाले: मिठाचे विघटन होऊन मॅग्नेशिया पाण्यात तरंगू लागला होता. बेंजामिन ॲबट नावाच्या मित्राला त्याने हे सर्व पत्राने कळविले. ते पत्र जपून राहिले आहे, आणि त्यात वीस वर्षांच्या मुलाचा आनंद ओसंडून जातो. पुढे लगेच त्याने याहून मोठ्या चकत्यांची, अधिक जोड्यांची बॅटरी करून निरनिराळी द्रव्ये फोडून पाहिली. तळघरातल्या दोन हजार जोड्यांपुढे ही बॅटरी म्हणजे खेळणे. पण शास्त्राचा नियम श्रीमंताच्या दोन हजार पत्र्यांना जो लागू तोच गरिबाच्या सात नाण्यांना. ही समता त्या मुलाला त्या समाजात अन्य कुठे मिळाली असती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली आणि तो दुसऱ्या एका तापट मालकाकडे कारागीर म्हणून लागला. तिथे जीव रमेना. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, सर जोसेफ बँक्स यांना, काही लहानसे काम मिळावे म्हणून लिहिले होते. उत्तरच आले नाही. मग त्याने डेव्हीला लिहिले आणि सोबत त्याच्याच व्याख्यानांची टिपणे, तीनशेच्या वर पाने, सुंदर जिल्द बांधून पाठविली. स्वतःचेच बोल असे नेटके बांधून समोर आल्यावर कोणाचे मन द्रवणार नाही? डेव्हीने त्याला बोलावून घेतले. पण त्या वेळी जागा नव्हती. थोड्याच दिवसांत संस्थेच्या प्रयोगशाळेतील मदतनीस मारामारीपायी काढला गेला, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे त्या जागी लागला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाला. ऐन वेळी त्याच्या नोकराने येण्याचे नाकारले, तेव्हा तात्पुरते म्हणून नोकराचे कामही फॅरडेने पत्करले. तात्पुरते ते दीड वर्ष चालले. डेव्हीची पत्नी त्याला नोकराप्रमाणेच वागवी, आणि अपमान असह्य होऊन घरी परतावे असे त्याच्या मनात येई. पण याच प्रवासात पॅरिसमध्ये त्याने अँपिअरला पाहिले, आणि १८१४ साली मिलानमध्ये प्रत्यक्ष व्होल्टाचे दर्शन झाले. ज्याची थप्पी आपण नाण्यांनी रचली तो म्हातारा समोर बसलेला पाहून त्याला काय वाटले असेल! मोठ्या गवयाबरोबर मैफलींना तंबोरा घेऊन हिंडणाऱ्या शागिर्दाला विद्या आणि अवहेलना एकाच ताटात वाढली जाते, हे जुन्या जाणत्यांना सांगावयास नको.

परत आल्यावर फॅरडेचे स्वतःचे काम सुरू झाले. १८२१ साली सारा बर्नार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाऱ्याच्या भांड्यात उभ्या केलेल्या चुंबकाभोवती विजेची तार त्याने गरगरा फिरविली. विजेने चालणाऱ्या सर्व मोटारींचे बीज त्या पेल्यात आहे. परंतु या शोधावरून वाद उठला. वोलस्टन या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाच्या कल्पनेचा उल्लेख न करता शोध छापला, असा आक्षेप आला. १८२३ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडेचे नाव निघाले तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष डेव्ही होता. गुरूने शिष्याला नाव मागे घेण्यास सांगितले. शिष्याने नम्रतेने पण ठामपणे नकार दिला. १८२४ साली मतदान झाले आणि फॅरडे निवडून आला. विरोधी मत पडले ते एकच.

शिष्य पुढे जाऊ लागला की गुरूच्या मनात कालवाकालव होते, ही गोष्ट संगीताच्या घराण्यांना नवी नाही. काही उस्ताद ठेवणीची चीज मरेपर्यंत शिकवीत नाहीत. डेव्हीने तर काहीही लपविले नव्हते. प्रयोगशाळेचे दार त्यानेच उघडले होते. म्हणूनच तो विरोध फॅरडेला अधिक लागला असणार. तथापि डेव्हीविषयी त्याने कृतज्ञता कधी सोडली नाही. १८२९ साली डेव्ही वारला. डेव्हीच्या सर्व शोधांत मोठा शोध फॅरडे हाच, असे लोक पुढे म्हणू लागले. हे ऐकून अधिक कष्टी कोण झाले असते, गुरू की शिष्य, ते सांगणे कठीण आहे.

फॅरडेच्या सर्वांत मोठ्या शोधाच्या उंबरठ्यावर पुन्हा नाद भेटतो. चार्ल्स व्हीटस्टन हा वाद्ये बनविणाऱ्या घराण्यातला तरुण ध्वनीवर अपूर्व प्रयोग करीत होता. पण सभेत बोलावयास उभे राहणे त्याच्या जिवावर येई. त्याच्या प्रयोगांवर व्याख्याने द्यावयास फॅरडे उभा राही. त्या निमित्ताने १८३१ च्या पूर्वार्धात त्याने स्वतः कंप पावणाऱ्या पत्र्यांचा अभ्यास केला. पत्र्यावर बारीक भुकटी पसरून तो नादावला, की भुकटी आपोआप नक्षीत मांडली जाते. एका ठिकाणचा कंप दूरवरच्या कणांना हलवितो, हे तो महिनोन् महिने पाहत होता.

मग २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेऊन त्याच्या एका बाजूला त्याने तांब्याच्या तारेचे वेढे घातले आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये सुती कापड आणि सुतळी. एका बाजूला बॅटरी जोडली, दुसरीकडे चुंबकसूची ठेवली. बॅटरी जोडताच सूची हलली आणि स्थिर झाली. बॅटरी सोडताच ती पुन्हा हलली. दोन तारांचा एकमेकींना स्पर्शही नव्हता. सतारीवर मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा कोणी न शिवता झंकारतात, तसाच काहीसा हा प्रकार. फरक असा, की येथे वीज नुसती वाहत राहिली तर काही होत नाही. ती बदलते त्या क्षणीच दुसरी तार जागी होते. पुढे ऑक्टोबरात मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड प्रवाह काढला. जस्त झिजविल्यावाचून, नुसत्या फिरण्याने वीज निघाली. बॅटरीच्या पोटी जनित्र जन्मले.

बॅटरीचे ऋणही त्याने फेडले. १८३३-३४ साली विजेने द्रव्ये कोणत्या प्रमाणात फुटतात याचे नियम त्याने घालून दिले. जितकी वीज जाईल तितकेच द्रव्य सुटेल, हा हिशेब प्रथम नक्की झाला. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्याने विद्वान मित्रांच्या साहाय्याने याच काळात रूढ केले. अर्ध्या पेनीच्या थप्पीने गढूळ झालेल्या पाण्याचा अर्थ बावीस वर्षांनी असा पूर्ण लागला.

इकडे आपल्या देशात हे वारे पोचावयास वेळ लागला नाही. १८३९ साली कलकत्त्याजवळ डॉक्टर ओशॉनेसी यांनी बॅटरीच्या बळावर मैलोगणती तारेतून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली. तिच्या कामात शिवचंद्र नंदी या बंगाली साहाय्यकाचा हात मोठा होता. आणि आपल्या हैदराबादेत? नवाब फखरुद्दीनखान शम्सुल उमरा यांनी फॅरडेच्या हयातीतच पाश्चात्त्य शास्त्रांची इंग्रजी पुस्तके उर्दूत आणवून आपल्या छापखान्यात छापविली. सित्ता-ए-शम्सिया या नावाच्या त्या सहा पुस्तिकांत विजेवरचीही एक आहे. या शहराच्या जुन्या वैभवाची चर्चा करताना हिरे-मोत्यांबरोबर या पुस्तिकांचीही आठवण ठेवली पाहिजे. फॅरडेच्या तबकडीचे वंशज म्हणावे असे जनित्र आपल्याकडेही फिरले: १९२० साली हुसेनसागराच्या काठी वीजकेंद्र उभे राहिले आणि शहराला तिथून वीज मिळू लागली. ते केंद्र आता नाही, पण आपली वीज आजही बहुतांशी त्याच तत्त्वाने निघते.

फॅरडेने शोधांतून धन केले नाही. कारखानदारांना सल्ला देऊन मोठी मिळकत होत असता, संशोधनाला वेळ पुरेना म्हणून त्याने ती कामे सोडली. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी शास्त्राची व्याख्याने १८२५ च्या सुमारास त्याच्याच संस्थेत सुरू झाली, आणि त्याने स्वतः एकोणीस नाताळांत ती दिली. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली. शब्द आठवेनासे झाले, मित्रांची पत्रे पुन्हा पुन्हा वाचावी लागत. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरी २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे निधन झाले. त्याच्या विचारांना गणिताचे रूप मॅक्सवेलने दिले, आणि त्यातून पुढे रेडिओचे युग आले.

अशा चरित्राचा उपदेश काढताना आपण एक चूक नेहमी करतो. गरिबीने फॅरडेला घडविले, असे म्हणतो आणि गरिबीचे पोवाडे गातो. गरिबीने त्याच्या बापाला झिजविले. त्या वेळच्या लंडनमधल्या हजारो पोऱ्यांना तिने काहीच होऊ दिले नाही. फॅरडे घडला तो वाचू देणाऱ्या मालकामुळे, घरखर्चातून शिलिंग काढणाऱ्या भावामुळे, तिकिटे देणाऱ्या वादकामुळे आणि, पुढे काहीही झाले तरी, दार उघडणाऱ्या डेव्हीमुळे. जस्त आणि तांबे नुसते एकावर एक ठेवून वीज वाहत नाही. मध्ये ओला कागद लागतो. त्या कागदाची किंमत कवडीची असते, पण त्यावाचून थप्पी म्हणजे धातूचा ढीग.

म्हणून आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी भंगारातून घट आणून काही जोडू लागली, तर तो पसारा एकदम उकिरड्यावर टाकू नये, आणि डोळे मिटून मोकळीकही देऊ नये. मिठाच्या पाण्याच्या थप्पीने इजा होत नाही. पण लॅपटॉपचा लिथियमचा घट भोसकला गेला, आत तारेला तार लागली किंवा तो गरजेपेक्षा अधिक भरला, तर पेट घेतो आणि ती आग सहज विझत नाही. मोटारीच्या जुन्या बॅटरीतले शिसे विषारी आणि आम्ल कातडी जाळणारे. अशा वेळी मुलाजवळ बसावे, जाणत्या माणसाशी गाठ घालून द्यावी, तांबे-जस्तापासून आरंभ करून द्यावा. हायगेटच्या दफनभूमीत फॅरडेच्या थडग्यावर नाव आणि दोन तारखा यांपलीकडे काही नाही. रिबो, रॉबर्ट आणि डान्स यांना तर जग विसरलेच. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना फॅरडे होणे जमणार नाही, या तिघांपैकी एक होणे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे.